सलूनच्या खुर्चीएवढा वाफा

कंडक्टरबाईंचा पाय मोडला तो बसमध्ये नव्हे. आयुष्य गेलं धावत्या बसमध्ये तोल सांभाळत तिकिटं फाडण्यात, पण कधी साधा पाय मुरगळला नाही. आणि एका सुटीच्या दिवशी घरातल्या घरात, स्टुलावर चढून पंख्याची धूळ पुसताना बाई धाडकन खाली आल्या. घोट्यापासून मांडीपर्यंत प्लॅस्टर. "पाय जमिनीला टेकवायचा नाही," असं डॉक्टरांनी बजावलं आणि बाईंची रवानगी वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली.

खाली पुढच्या बाजूला नवऱ्याचं सलून, मागे सासूबाईंचं स्वयंपाकघर, त्यामागे परसू. बाईंची खाट परसाकडच्या खिडकीला लागून. दिवसभर माणसांत राहणारी बाई, तिला भिंती खायला उठल्या. पहिले काही दिवस झोपून काढले, पुढचे भांडून काढले. मग त्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या, आणि बघता बघता एका सकाळी त्यांच्या डोक्यात किडा वळवळला.

"अहो!" त्या इतक्या जोरात ओरडल्या, की नवरा हातात वस्तरा घेऊनच जिना चढून आला.

"काय झालं? पडलीस?"

"आपण परसात भाजी लावू या."

"गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून आलोय मी!"

"खाली नुसत्या विटांचे तुकडे आहेत, कुदळ मारली तर ठिणग्या उडतील. म्हणून वाफा वर उचलायचा. चारी बाजूंनी फळ्या, आत माती. टेबलाएवढा उंच. आईंना वाकावं लागणार नाही आणि मलाही." एवढं बोलून त्या अशा हसल्या, की नवऱ्याला वाटलं, औषध जास्त झालं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पडत्या फळाची आज्ञा मानायची हे त्याला कळत होतं. "नळाजवळच्या कोपऱ्यात करू," तो म्हणाला. "पाणी हाताशी."

"तिथे ऊन उभ्या उभ्या येतं आणि जातं, चहालासुद्धा थांबत नाही. मी रोज बघतेय ना! दिवसभर ऊन असतं ते मधोमध."

मधोमध म्हणजे सासूबाईंची कपडे वाळत घालायची दोरी. ही बातमी खाली पोचायच्या आत सासूबाईच वर पोचल्या.

"सूनबाई, माझ्या दोरीला हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

"नाही लावत, आई. तुम्ही फक्त इथे बसा. शेंगा आणा सोलायला. बसून बघा."

सासूबाई बसल्या त्या सुनेला खोटं पाडायला. शेंगा सोलून झाल्या. ऊन दोरीवरच. जेवणाचं ताट वरच मागवलं. ऊन दोरीवरच. खुर्चीत बसल्या बसल्या एक डुलकी काढली, दचकून उठल्या, पदर सावरून आधी खिडकीबाहेर पाहिलं. नळाचा कोपरा अंधारलेला आणि दोरीवरच्या चादरी लख्ख.  मग सासूबाई शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाल्या, "मी कधीची म्हणतेय, दोरी नळाकडे न्या. इथल्या उन्हाने चादरींचे रंग पार उडालेत."

सुनेने तोंडात उशीचं टोक कोंबलं, पण हसू काही दबलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाफ्याची आखणी सुरू झाली. बाई खिडकीत, नवरा परसात, आणि बाईंच्या खाटेवर बटाट्यांची टोपली. वरून बटाटा पडेल तिथे वाफ्याचा कोपरा, असं ठरलं. पहिला बटाटा गेला तो थेट नवऱ्याच्या टकलावर. गावभर सगळ्यांच्या केसांची काळजी वाहणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं डोकं तुळतुळीत. बटाटा त्यावरून उडाला आणि बरोबर हव्या त्या जागी जाऊन पडला.

"हलवू नका! तोच कोपरा!" बाई आनंदाने किंचाळल्या.

"उंटावरून शेळ्या हाकतेयस!" नवरा डोकं चोळत ओरडला.

"दुसरा टाकते, बाजूला व्हा."

चार कोपरे झाले. आता उंची किती ठेवायची यावर घोडं अडलं. नवरा म्हणाला कमरेएवढी. सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या कमरेएवढी? तुझ्या की माझ्या?" हात कधी इतका वर, कधी तितका खाली. तेवढ्यात सलूनमधून आवाज आला, "अहो, माझा दुसरा गाल आज करणार की उद्या येऊ?"

तो गल्लीतला प्लंबर. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस, तोही सुकत चाललेला. त्याच्या आवाजाने नवऱ्याला खुर्ची आठवली. सलूनची खुर्ची! पायाने दांडा दाबत गेलं की वर, दाबून धरला की खाली. याहून चांगलं माप कुठे मिळणार? त्याने प्लंबरला उठवलं, दोघांनी ती अवजड खुर्ची कलती करून गोल बुडावर घरंगळत स्वयंपाकघरातून परसात आणली, आणि प्लंबरला परत तिच्यात बसवलं.

"मी कशाला?"

"तू माती," नवरा म्हणाला. "हलायचं नाही."

वर बाईंनी ताट आणि चमचा घेतला. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बसमधली भाषा, ती घरात सगळ्यांना पाठ. टण् टण्! नवऱ्याने दांडा दाबला. प्लंबर मान ताठ ठेवून, गळ्यात पांढरा कपडा बांधलेला, हळूहळू वर जायला लागला. बाजूला सासूबाई ताठ उभ्या. दर वेळी हात पुढे करून प्लंबरच्या गुडघ्यावरचं न दिसणारं गवत उपटून बघायच्या.

"अजून वाकावं लागतंय."

टण् टण्!

"अहो आजी, गुदगुल्या होतात!"

"मातीला गुदगुल्या होत नसतात. वर घे रे."

टण् टण्! टण् टण्! प्लंबर जवळजवळ अजून न हलवलेल्या कपड्यांच्या दोरीला जाऊन भिडला. मग दोन बोटं खाली, एक बोट वर, आणि अखेर सासूबाईंनी कंबर न वाकवता गवत उपटलं आणि विजयी मुद्रेने खिडकीकडे पाहिलं. टण्!

रुंदीही तशीच ठरली. खुर्चीची पाठ आडवी केली, एका बाजूने सासूबाईंनी हात लांबवला, दुसऱ्या बाजूने लेकाने, आणि दोघांची बोटं प्लंबरच्या पोटाच्या मधोमध भेटली. प्लंबरला इतकं हसू फुटलं, की सुकलेल्या फेसाचे पापुद्रे उडायला लागले. वर बाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती. नाहीतर हसता हसता दुसराही पाय मोडून बसल्या असत्या.

दाढी पुरी झाल्यावर प्लंबर घरी जायचा तो फळ्या आणायला गेला. त्याच्याकडे खोक्यांच्या जाड फळ्या पडून होत्या. वाफा उभा राहिला खरा, पण त्याचं पोट बघून नवऱ्याला घाम फुटला. एवढी माती आणायची कुठून?

"तळाला वाळक्या फांद्या, पुठ्ठे, पालापाचोळा," बाईंनी वरून सांगितलं. "माती वरच्या थरापुरती."

"आणि मी केस घालतो," नवरा उत्साहाने म्हणाला. "दुकानात रोज पोतंभर निघतात. चांगले कुजतात मातीत."

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाजीत केस निघाला की तुझा बाप घर डोक्यावर घ्यायचा. आता केसांत भाजी निघणार!"

यावर परसात आणि खिडकीत जो हास्याचा गदारोळ झाला, त्याने शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. केस मात्र गेले तळाला, फांद्यांच्या खाली.

मग कुठे काय लावायचं, याची खडाजंगी. कागदावर काढलेला पहिला नकाशा सासूबाईंनी शेंगा ठेवायला वापरला, दुसऱ्यावर चहा सांडला. शेवटी नवऱ्याने केस रंगवायचा ब्रश आणि काळा रंग आणला आणि नकाशा सरळ बाईंच्या प्लॅस्टरवर काढला. मांडीकडे वेलाचा घेवडा, काठ्यांसकट, म्हणजे त्याची सावली बाकीच्यांवर पडणार नाही. गुडघ्यावर टोमॅटो. नडगीवर पालक आणि मुळा. घोट्याला कोथिंबीर. सासूबाईंनी हट्टाने कडेला एक काकडी काढली. ती काकडीपेक्षा मगरीसारखी दिसत होती.

प्लॅस्टर काढायच्या दिवशी डॉक्टर करवत हातात घेऊन थबकले. "हे काय?"

"वाफा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, जरा टोमॅटो सांभाळून."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, नकाशा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "मिरची नाही लावली?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. मिरची! इतक्या भांडणात मिरची साफ राहून गेली होती. "काकडीच्या पलीकडे जागा आहे," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि मगरीच्या शेपटीजवळून करवत फिरवायला लागले.

घरी आल्यावर बाई काठी टेकत टेकत पहिल्यांदा परसात उतरल्या. वाफ्याच्या कडेला उभं राहून त्यांनी दोन्ही हात मातीत खुपसले, न वाकता, मनगटापर्यंत. माती वरून उबदार होती, आतून गार. त्यांच्या अंगावर शहारा आला आणि डोळ्यांत पाणी, पण सासूबाई बियांच्या पुड्या घेऊन मागेच उभ्या असल्यामुळे रडायला सवड मिळाली नाही. दोघींनी मिळून बी पेरलं. नकाशा दवाखान्याच्या कचऱ्यात गेला होता, त्यामुळे दोघींच्या आठवणीतले दोन वाफे एकाच मातीत पडले. शिवाय सासूबाईंनी सून आत गेल्यावर, मोकळी दिसेल त्या जागी, मूठभर काहीतरी आणखी टाकलं. काय टाकलं ते त्यांनाही नीट आठवेना.

काही दिवसांनी, काठी सुटल्यावर, बाई कामावर जायला निघाल्या, खांद्याला तिकिटांची बॅग, आणि जाता जाता सवयीने परसात डोकावल्या. वाफाभर हिरवे ठिपके!

"आई! अहो! या लवकर!"

तिघं वाफ्याभोवती गोळा झाले. कोंब इवले इवले, सगळे एकसारखे.

"पालक," बाई म्हणाल्या.

"टोमॅटो आहे तो," नवरा म्हणाला.

"दोघांनाही कळत नाही," असं म्हणत सासूबाईंनी एक पान खुडून तोंडात टाकलं, चावलं आणि डोळे मिटले. दोघं श्वास रोखून बघत राहिले.

"मुळा," त्या म्हणाल्या. "आणि कसला झणझणीत!"

"बघू बघू," म्हणत बाईंनी एक पान खुडलं, नवऱ्याने एक. खरंच, एवढ्याशा पानाचा झणका थेट नाकात गेला. तिघंही डोळे पुसत, खोकत, हसत वाफ्याला धरून उभे राहिले, आणि बाईंची बस त्या दिवशी चुकली.