नव्या मशीनवर जुना किल्ला

निशातच्या भावाने, सैफने नवा कॉम्प्युटर पाठवला तो आपल्या मोठेपणाला शोभेल असा. नागपुरात राहणाऱ्या भावांना घरची आठवण येते ती अशी खोक्यातूनच येते. दुकानाच्या माणसाने नवी मशीन टेबलावर मांडली, बदल्यात जुनी उचलून नेली आणि निशातने त्याला वर चहाही पाजला. मागून तिला स्वतःचाच असा राग आला, की कपबशी मोरीत आपटली. जुन्या मशीनसोबत अब्बांचा किल्ला गेला होता. कपाटात त्याच्या फ्लॉप्या तेवढ्या उरल्या होत्या.

किल्ला म्हणजे एक गेम. एका कैद्याने किल्ल्यातून बाहेर पडायचे. वाटेत अंधाऱ्या खोल्या, शिड्या, लपवलेल्या चाव्या आणि दारादारात पहारेकरी. अब्बा, म्हणजे शफी मिस्त्री, एके काळी वरोऱ्यातल्या सगळ्या शिलाई मशीन दुरुस्त करायचे. लकव्याने उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, दुकान बंद पडले. तेव्हापासून तो कैदी हाच त्यांचा धंदा. इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, पण किल्ल्याची खोली न् खोली तोंडपाठ होती.

आता किल्ला नाही म्हटल्यावर अब्बा खाटेच्या दांडीवर स्टीलचा गिलास वाजवू लागले. निशात मोरीत गेली की गिलास, अंगणात कपडे वाळत घालायला गेली की गिलास. त्यांना पाणी नको असायचे, काहीच नको असायचे. ती नजरेसमोर आली की आवाज थांबायचा. तिला त्यांची दया यायची, आणि त्याच दमात जीव नकोसा व्हायचा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेतलेली चांगली जाणती बाई, आणि उंबरठा ओलांडायला तिला गिलासाची परवानगी लागत होती.

त्यातच चंद्रपूरच्या एका कॉलेजातून बोलावणे आले. लॅबमध्ये शिकवायचे. सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळच्या एसटीने यायचे. पहिल्या तारखेला हजर झाली तर ठीक, नाही तर जागा दुसऱ्या कुणाला.

"जेवाले मी वाढीन त्याईले," शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, "पन दिवसभर तो गिलास कोन आयकन? मले माह्यं घर नाई का?"

म्हणजे किल्ला चालू झाला तरच चंद्रपूर. निशातने फ्लॉप्यांवरून गेम नव्या मशीनमध्ये चढवला. पडदा काळा झाला, एकदा लुकलुकला, आणि पुन्हा विंडोज एक्सपीचा तो हिरवागार डोंगर समोर. तिने स्टेशनरोडवरच्या अतुलला बोलावले. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, निदान उघडून तरी ठेवायचा.

"ताई, हा डॉसच्या जमान्यातला गेम हाय. एक्सपी त्याले घरात घेत नाई," अतुल म्हणाला. "काऊन डोकं फोडून राह्यले? याच्यात पत्ते हायेत, ते लावून द्या."

निशातने पत्ते लावून दिले. अब्बांनी पत्ते पाहिले आणि गिलास उचलला.

मग ती हट्टालाच पेटली. बटणावर बटण दाबत, चुकत, पुन्हा करत तिला एक जागा सापडली. तिथे नव्या मशीनला सांगता येत होते, की बाई, या गेमपुरती तू स्वतःला जुनी समज. आवाजापाशी गाडी अडत होती, म्हणून तिने आवाजच बंद केला. आणि एका दुपारी, बाहेर ऊन भाजून काढत असताना, किल्ला उघडला. अब्बा खाटेवर धडपडत उठून बसले.

कैद्याने पाऊल उचलले न उचलले तोच पहारेकरी सुसाट आला आणि कैदी पुन्हा कोठडीत. अब्बांनी पुन्हा कळ दाबली. बोट उचलायच्या आत पुन्हा कोठडी. लकव्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एक आख्खी शिवी स्पष्ट बाहेर पडली.

"लयच पळून राह्यला तो," दारातून बघणाऱ्या सुगंधाबाई म्हणाल्या. "जुन्या डब्ब्याले तर तुह्या बापानं पट्टी मारली होती ना वं?"

निशात बघतच राहिली. जुन्या मशीनला टर्बो नावाचे बटण होते, वेग वाढवायचे. अब्बांमधल्या मिस्त्रीने पहिल्याच उन्हाळ्यात निकाल दिला होता, की आपल्याकडच्या उन्हात मशीन जोरात पळवली तर जळणारच. त्यांनी ते बटण बंद करून त्यावर जखमेची चिकटपट्टी मारली, आणि मग पावसाळा आला तरी ती कुणी काढली नाही. सगळ्या घराने इतकी वर्षे किल्ला मंद करून खेळला होता. पहारेकऱ्याला अब्बांनी 'सुस्त मामू' असे नावही ठेवले होते. बिचारा मामू सुस्त नव्हताच, त्याला या घराने सुस्त केले होते. निशात डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत वेग कमी करणारा छोटा प्रोग्राम होता. माउसने पडद्यावरची पट्टी खाली ओढली की गेम मंद. तिने ओढली, आणि मामू पूर्वीसारखा डुलत येऊ लागला.

"आता खेळा, अब्बा."

अब्बांच्या डाव्या हाताने कैद्याला पहिल्या दारापर्यंत नेले, आणि हात थांबला. ते निशातच्या हाताकडे बघू लागले. काय हवे ते तिला आधी कळेना. मग कळले. कैद्याला दारात नेणारी कळ एका टोकाला, अडसर उचलणारी लांब कळ दुसरीकडे. एका हाताने तिथवर पोचेपर्यंत मामू येणारच. ती लांब कळ लकव्यापासून निशातच दाबत आली होती. भाजी निवडताना, केस विंचरताना, अब्बांशेजारच्या स्टुलावर बसून. इतकी सवय झाली होती, की ते काम आहे हेच ती विसरून गेली होती. अब्बांना किल्ल्यात सोडून जाता येईल असे तिला वाटत होते. पण त्या किल्ल्यात तीही होती.

ती स्टुलावर बसली आणि तिने कळ दाबली. दार उघडले. अब्बा अर्ध्या ओठांनी हसले. तिला त्यांचा राग आला, रागाची लाज वाटली, आणि मग त्या लाजेचाही राग आला. जन्मभर इथेच बसून अडसर उचलायचे, एसट्या येतील आणि जातील.

दुसऱ्या दारापाशी तिचा हात कळेकडे गेला नाही, माउसकडे गेला. तिने वेग आणखी उतरवला. कैदी रांगल्यासारखा चालू लागला. अब्बांनी पडद्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. एकाच हाताला दोन्ही कळा गाठता याव्यात म्हणून वेग उतरवला, हे त्यांना सांगायला नको होते. चंद्रपूरचे तिने त्यांना सांगितले नव्हते, पण सुगंधाबाई शेजारी असल्यावर ते कानावर गेलेच असणार.

अब्बांनी डावा हात एका कळेवरून दुसरीकडे नेला. मामू आला. कोठडी. पुन्हा नेला. पुन्हा कोठडी. मग त्यांनी निशातचे मनगट पकडले. आता आपला हात ओढून त्या कळेवर ठेवणार, असे तिला वाटले आणि तिने डोळे मिटून घेतले. अब्बांनी तो माउसवर ठेवला.

"आ...खीन," ते म्हणाले. जीभ वळेना, तरी त्यांनी वळवली. "आखीन हळू कर."

तिने पट्टी पार खाली ओढली. मामूचा पाय अधांतरी उचललेला राहिला. अब्बांचे बोट सावकाश सरकत लांब कळेवर पोचले. अडसर उठला. कैदी पुढच्या खोलीत गेला आणि अब्बा त्याच्यामागे गेले, तिच्याकडे न बघता.

"यष्टी," पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारले, "सकाळची... कितीले हाय?"

निशातला वेळ पाठ होती. स्टुलावरून उठत तिने ती सांगितली.