अंगठ्याखालची नाडी

लाल पेनाची रेघ तिने सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याखालून नडगीच्या कडेकडेने उतरवली आणि घोट्यावरून पावलावर आणून सोडली.

“गुदगुल्या होतात गं,” सासूबाई म्हणाल्या. “एवढी नदी काढलीस, आता दोन होड्याही सोड.”

“हलू नका ना, आई. परवा परीक्षकांसमोर असंच काढायचंय. धमनी कुठून जाते, नाडी कुठे लागते, सगळं.”

“माझा पाय पाठवून देते तुझ्याबरोबर. तो तरी पास होईल.”

दुपार पडद्यातून गाळून आल्यासारखी पिवळी होती. आजीचं बोट मुठीत धरून तान्ही चिमणी झोपली होती. तिच्या तोंडाला दुधाचा वास होता आणि झोपेत ओठ अजून चोखत होते. चिमणीच्या वेळी वैद्यकीय अभ्यासक्रम अर्धवट सुटला होता. “पोर माझ्याकडे, पुस्तक तुझ्याकडे,” असं म्हणून सासूबाईंनीच तिला परत धाडलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी हा पाय तिच्यापुढे यायचा. आखून झालं की ती डोळे मिटायची. रक्त मांडीतून खाली निघालंय, गुडघ्यामागे दडलंय, पोटरीच्या अंधारातून वाट काढत पावलावर कातडीच्या अगदी जवळ आलंय, असं तिला दिसायचं. मग ती हात ठेवायची आणि ठोका लागायचा. ठक. ठक.

रोज या वेळी दूध पीत मांडीवर असणारी चिमणी आज प्रथमच तिथे नव्हती. दोन्ही हात मोकळे होते. तिने शिकवल्याप्रमाणे तीन बोटं पावलावर टेकली.

काहीच नाही.

बोटं जरा सरकवली. दाब कमी केला. घोट्याच्या आतल्या अंगाला, हाडामागे शोधलं. तिथेही शांतता. डाव्या पावलावर मात्र त्याच बोटांना नाडी लगेच लागली.

मग रोज कशी सापडत होती ती? तिने एका हातात चिमणी असल्यासारखा हात वाकवून पाहिला. उरलेल्या हाताने पाऊल धरलं की बोटं तळव्याखाली जात होती आणि वर येत होता अंगठा. बाईंनी पहिल्याच दिवशी वर्गाला बजावलं होतं: नाडी अंगठ्याने बघू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते.

म्हणजे इतके दिवस ती स्वतःलाच मोजत होती.

“सापडली का गं?” सासूबाईंनी जांभई देत विचारलं.

तिने दोन्ही पावलांवर एकेक तळहात ठेवला. उजवं गार होतं, रक्त तिथवर नीट पोचत नव्हतं. संध्याकाळी फिरायला गेलं की सासूबाई दुकानांच्या काचांपुढे थांबायच्या. चपलांच्या दुकानापुढे, घड्याळवाल्यापुढे, मग हार्डवेअरच्या दुकानापुढे. “खिळे-स्क्रू काय बघताय एवढे मन लावून?” असं म्हणून ती हसायची. “बघू दे की! तुझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एक खिळा धड ठोकला नाही,” असं म्हणून त्याही हसायच्या.

“आई, हार्डवेअरच्या दुकानापाशी पोटरी दुखते ना तुमची?”

सासूबाईंनी चिमणीच्या कपाळावरचे केस मागे सारले. आधीच मागे असलेले.

“दुखते जरा. उभं राहिलं की जाते.”

“कधीपासून?”

“बोलू नकोस मोठ्याने, उठेल ती.” मग चिमणीकडे बघतच, “परीक्षा होऊ दे म्हटलं तुझी. एकदा सुटलीय ना.”

तिने पेनाला टोपण लावलं आणि नवऱ्याला फोन केला. अर्ध्या तासात गाडी घेऊन येतो, डॉक्टरांनाही कळवतो, म्हणाला. सासूबाईंनी ओला रुमाल मागितला.

“ही नदी पुसून तरी दे. लोक काय म्हणतील?”

“राहू दे. डॉक्टरांना दाखवायचीय.”

“आणि परवा?”

“परवाचं परवा.”

चिमणीने कूस बदलली, पण बोट सोडलं नाही. सुनेने ते गार पाऊल उचलून आपल्या मांडीवर घेतलं, चिमणीला घ्यायची तसंच. बोटं तळव्याखाली गेली, अंगठा वर राहिला. ठक. ठक. ठोके कोणाचे ते आता तिला माहीत होतं.

“सापडली वाटतं,” डोळे मिटूनच सासूबाई पुटपुटल्या.

तिने अंगठा उचलला नाही.