रिकामी परत आलेली थाळी

मी थाळी बोलतेय. निळ्या काठाची, चिनी मातीची, एका कडेला टवका उडालेली. टवक्याकडे बघू नका, तुमचेही सगळे दात शाबूत नसतील.

कैरोच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद इमारतीत मी राहते. मूळची मी खालच्या मजल्यावरच्या बहीगाची. रमजानात सूर्य कलला की तिचं काहीतरी पोटात घेऊन वर फौकियाकडे जायचं आणि फौकियाचं काहीतरी घेऊन खाली यायचं. शेजारणीची थाळी रिकामी परत करायची नसते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

गेल्या रमजानात बहीगानं कतायेफ पाठवली, आत सारण भरून, तळून पाकात बुडवलेली. फौकियानं एक फोडली आणि किंचाळली, "आक्रोड म्हणाली होती, भरलेत शेंगदाणे! मला काय माकड समजते?" मला घासूनपुसून, लख्ख रिकामी खाली धाडलं. बहीगानं उंबऱ्यावरूनच परत फिरवलं. "रिकामी थाळी माझ्या घरात नको. म्हणावं, तुझे आक्रोड ठेव तीत!"

तेव्हापासून मी फौकियाच्या फळीवर, आणि दोघींचं बोलणं बंद.

दुआ मात्र बंद नाहीत हं! उपास सोडण्याआधीची दुआ वाया जात नाही म्हणतात. यंदा फौकिया नेमकी तेव्हाच खिडकी उघडायची. "या अल्ला, खोटारड्या शेजाऱ्यांपासून वाचव!"

खालून लगेच, "आमीन! आणि खाऊन नावं ठेवणाऱ्यांपासूनही!"

देव काय मधल्या जिन्यात बसलाय?

अशात फौकियाची लेक समाह सातव्या महिन्यातच अंथरुणाला खिळली. जरा हलली तरी बाळाला धोका, असं डॉक्टर म्हणाले. फौकियानं साऱ्या गल्लीला दुआ मागायला सांगितलं, भाजीवाल्यालासुद्धा. फोनवरून तर कुठकुठल्या ओळखीच्यांना. बहुतेकांनी दुआ मागण्याऐवजी उघड्या तळव्यांचं चित्र पाठवलं आणि जेवायला बसले. फक्त खालचा मजला तेवढा तिनं वगळला.

मशिदीच्या शेखसाहेबांनी फोनवर विचारलं, "बाई, अबोला धरणाऱ्यांच्या दुआ वाटेत अडतात. तुमचं कुणाशी बिनसलेलं नाही ना?"

"छे हो! मी कुठं कुणाशी भांडते?" रोजा असलेल्या तोंडानं म्हणाली बया! फोन ठेवला आणि तिची नजर माझ्यावर पडली. मीही टवका वळवला नाही.

द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात माझ्यात रचून ती जिना उतरली.

"काय गं, वाट चुकलीस?" बहीगा दारात आडवी.

"थाळी द्यायला आले."

"वर्षभर घासत होतीस वाटतं!"

फौकियाला हुंदका आला. "माझ्या समाहसाठी माग गं. मी तुला दुखवलंय. तू मागितलंस तर तो ऐकेल."

"आत्ता आठवण झाली? अगं, तिला पहिली अंघोळ मी घातलीय. ती अंथरुणाला पडल्यापासून मागतेच आहे तिच्यासाठी. फक्त तिच्या आईचं नाव गाळून."

"आज घेशील?"

बहीगानं मला हातातून ओढून घेतलं. "बस. बांग व्हायचीय अजून. हात वर कर. आणि आधी ती खिडकी लाव."

समाह अजून पडूनच आहे, बाळ अजून आत लाथा मारतंय. मी पुन्हा जिना चढतेय, उतरतेय. दुसऱ्याच दिवशी कतायेफ घेऊन वर गेले. आत शेंगदाणेच होते. फौकियानं मुकाट्यानं खाल्ले.

तुम्हालाही वरच्याकडे काही मागायचं असेल, तर हात पसरण्याआधी फळीवर बघा. कुणाची थाळी पडून आहे का?