शेवटची लादी

आमच्या घरात कापलेली लादी एकही नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. लाद्यांच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेला माणूस स्वतःच्या घरात तुकडा कसा लावील? मोरबीत हा फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या ध्वनीच्या पप्पांनी दिवसभर उभं राहून दोन बाय दोनच्या लाद्या बसवून घेतल्या, आणि कारागीर गेल्यावर मला हाताला धरून बाहेरच्या दारापासून सरळ आत चालवत नेलं.

"मोज रसीला. बैठकीत पाच, पॅसेजमध्ये सात. भिंतीला टेकलेली सुद्धा अख्खी! सोसायटीत कुणाकडे अशी शेवटची लादी दाखव, मिशी काढून देईन."

त्यांना मिशी नव्हतीच, म्हणून मी आणखी हसले. माझे बापूही लाद्या बसवायचे, त्यामुळे मला ठाऊक होतं की काम नेहमी दारापासून सुरू करतात आणि जे कमी पडेल ते शेवटच्या भिंतीशी तुकडा कापून भागवतात, कारण पाहुण्याची नजर तिथपर्यंत जात नाही. आमच्याकडे तो तुकडा नव्हता. फक्त दाराशी चपलांची मांडणी ठेवता येत नव्हती, कारण दार आत उघडतं आणि त्याला दीड लादी मोकळी लागते.

त्या बारा लाद्यांवरून मी ध्वनीला खांद्यावर घेऊन इतक्या फेऱ्या मारल्या आहेत की डोळे मिटूनही कुठे वळायचं ते पायाला कळायचं. पोर अडीच वर्षांची झाली तरी खात नव्हती. वजन नऊ किलो. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती, सोमवारपासून सोमवारपर्यंत चार आठवडे. तोवर काटा दहावर गेला नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालायची. ती नळी त्यांनी मला दाखवलीसुद्धा. मी घरी आल्यावर कितीदा तरी झोपलेल्या ध्वनीच्या नाकाकडे बघत बसायची.

हत्तीची गाणी लागली तर मात्र ती चार घास घ्यायची. ती गाणी लॅपटॉपवर लावायची, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबायचं, यादीतून "बैठक" हे आमच्या टीव्हीचं नाव निवडायचं, की हत्ती टीव्हीवर यायचा. लॅपटॉप ध्वनीच्या पप्पांच्या ऑफिसातून जुना म्हणून आलेला, आणि टीव्हीच्या मागे चित्र पकडणारी एक काडी खोचलेली. एवढं मला छान जमत होतं.

एका दुपारी यादीत "बैठक" येईना. मांडीवर ध्वनी, हातात गार होत चाललेली खिचडी. मी नेटवाल्या इक्बालभाईंना फोन लावला.

"लॅपटॉप आणि टीव्ही एकाच वायफायवर आहेत ना, बेन?"

"हो."

"मग वायफायचा डबा बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा. टीव्हीमागची काडीपण काढून लावा. आणि मोजताना घाई नको, आमची बायको वीसलाच बटण दाबते आणि मला शिव्या घालते."

मी तीसपर्यंत मोजलं. यादी उघडली.

"एक नाव आलंय भाई, पण आमचं नाही. 'आतली खोली' असं लिहिलंय. वरच्या रमाबेनचा टीव्ही असेल."

"त्यांचा कसा येईल? त्यांचं वायफाय वेगळं. यादीत दिसतं ते आपल्याच घरातलं. नाहीतर लोक एकमेकांच्या घरात पिक्चर लावत बसले असते! जयसुखभाईंनी नवा टीव्ही आणून लपवला असेल. वाढदिवस आहे का तुमचा?"

आमच्याकडे बैठक, तिच्या शेवटच्या लादीला लागून स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि पॅसेज. आतली खोली अशी काही नाही. पॅसेज जिथे संपतो त्या भिंतीच्या पलीकडे तीन मजले नुसती हवा आहे.

पण खिचडीवर साय धरायला लागली होती. मी ते नाव दाबलं. लॅपटॉपवर अक्षरं आली, "आतल्या खोलीत चालू आहे". टीव्ही काळाच. ध्वनी माझ्या मांडीवरून उतरली, पॅसेजमधून टोकापर्यंत चालत गेली, भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली आणि तिने तोंड उघडलं.

मी वाटी घेऊन मागे गेले. त्या दिवशी वाटी चाटूनपुसून संपली. जन्मात पहिल्यांदा. लॅपटॉप मी तिच्या पाठीमागे जमिनीवर ठेवला होता. आवाज नाही, नुसतं चित्र चाललं होतं. हत्ती चिखलात घसरून पडला त्याच क्षणी ध्वनी भिंतीकडे बघून खदखदून हसली.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं. ध्वनीचे पप्पा छास पीत होते.

"खाल्लं ना?"

"खाल्लं, पण..."

"मग ती भिंत बघू दे नाहीतर छत बघू दे. तुला गं काय, पोरीने नाही खाल्लं तरी रडायचं आणि खाल्लं तरी रडायचं!"

आठवडाभर मी रोज तेच नाव दाबलं. अंगणवाडीच्या काट्यावर साडेनऊ झाले, तिथल्या बेननी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि एका सकाळी लादीवर ओलं पोतं मारताना माझा हात पॅसेजच्या टोकाशी थांबला. भिंतीला टेकलेली लादी चार बोटं कमी होती. मी वाकून कडेवर नख फिरवलं. कापलेल्या कडेची खरखरीत कच बोटाला लागते, तशी काही लागली नाही. लादी भिंतीखाली गेल्यासारखी होती, जशी चादर गादीखाली खोचतात.

"तो तुकडा पहिल्यापासूनचा आहे," ध्वनीचे पप्पा म्हणाले. "कारागिराची मुलगी ना तू? शेवटी तुकडा येणारच."

"तुम्ही मिशी काढणार होता."

"कुठली मिशी?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. थट्टा करताना त्यांचा डावा डोळा बारीक होतो. तो झाला नाही.

चार दिवसांनी मी ध्वनीला कडेवर घेऊन वर रमाबेनकडे गेले. त्यांचा फ्लॅट बरोबर आमच्या डोक्यावर.

"जरा तुमच्या पॅसेजमध्ये जाऊन येऊ, रमाबेन?"

"ये की. काय हरवलं गं, सोनं की नवरा?"

लाद्या सात होत्या, सातवा तुकडा. म्हणजे त्यांची भिंत जवळजवळ तिथेच, जिथे आमची आधी होती. खाली येऊन मी पुन्हा मोजलं. आमच्या साडेपाच. मी परत वर जाऊन सांगितलं तेव्हा रमाबेन समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुमचा फ्लॅट लहानच आहे गं. जयसुखभाईंना स्वस्तात मिळाला ना? पण पोरीला बाळसं आलं हां!" आणि त्यांनी ध्वनीचा गाल ओढला. खरंच तिथे ओढण्याइतका गाल आला होता.

पॅसेजमध्ये उजवीकडे न्हाणीघराचं दार होतं. ते आता झोपायच्या खोलीतून उघडत होतं, आणि त्याच्यामागे खिळ्यावर आमचा टॉवेल असा लटकत होता की जणू वर्षानुवर्षं तिथेच वाळतोय.

मी ते नाव दाबणं बंद केलं. लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. इक्बालभाईंना घरी बोलावलं, त्यांनी नवी काडी लावली, यादीत "बैठक" आलं आणि टीव्हीवर हत्ती मोठमोठ्याने गाऊ लागला. ध्वनीने वळूनसुद्धा बघितलं नाही. ती पॅसेजकडे तोंड करून बसून राहिली. मी रागावले, विनवलं, थेपल्याचा चिमणीएवढा तुकडा करून ओठांना लावला, रमाबेनच्या घरी नेऊन भरवून बघितलं. ओठ मिटलेले. तिसऱ्या दिवशी ते ओठ सुकून पांढरे पडले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसेना. भिंतीचं काय ते मला कळत नव्हतं. हे कळत होतं.

चौथ्या दिवशी मी कपाट उघडलं.

त्यानंतर मी मोजायचं टाळलं, पण पाय मोजायचेच. ध्वनी दोन्ही वेळा खात होती, मागून घेत होती, "मम्मी, आणखी" म्हणत होती. ती प्रत्येक वेळी भिंतीशी बसायची आणि प्रत्येक वेळी मला तिच्यापर्यंत कमी चालावं लागायचं. झोपायची खोली गेली तेव्हा ध्वनीच्या पप्पांनी बैठकीत गादी घातली आणि कूस बदलून झोपले. टीव्हीही कधी गेला ते कळलं नाही. शेगडी दाराजवळच्या कोपऱ्यात आली होती. सकाळी अंघोळीला ते शेगडीशेजारच्या मोरीच्या दगडावर बसले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला अडचण नाही होत?"

"एका खोलीचं घर बरं असतं," ते अंगावर पाणी घेत म्हणाले. "झाडायला सोपं."

शनिवारी अंगणवाडीत काटा नऊ किलो नऊशेवर थांबला. शंभर ग्रॅम कमी. मी बेनना पुन्हा ठेवायला लावलं, पुन्हा नऊ नऊशे.

आज सोमवार. ध्वनीचे पप्पा कामावर जाताना म्हणाले, "साडेअकराला येतो, तयार राहा. डॉक्टर बाराला दवाखान्यातून उठतात." त्यांच्यासाठी दार उघडलं तेव्हा ते नीट आत आलं, समोरच्या भिंतीला घासलं नाही. दोन लाद्या होत्या अजून. मला वाटलं, आत्ताच बाहेर पडावं, जिन्यात बसून राहावं. पण बाहेर ती खात नाही, आणि रिकाम्या पोटी काटा नऊ आठशे दाखवील, आणि ती नळी मी बघितलेली आहे. एवढी एक वाटी होऊ दे, मग निघू.

ध्वनीला नवा फ्रॉक घातला, खिचडीवर तूप सोडलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन यादी उघडली. एकच नाव. ध्वनी भिंतीशी बसली. तिचे गुडघे भिंतीला टेकले, माझी पाठ दाराला. तिने तोंड उघडलं, मी घास दिला. दुसरा दिला. ती हसत होती, आणि तिची पाठ हळूहळू माझ्या अंगाला टेकली, उबदार, पूर्वीपेक्षा जड. मी खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं.

माझ्या पाठीमागे दारावर टकटक झाली.

"रसीला, उघड. रिक्षा थांबवून आलोय."

मी खाली बघितलं. दारापासून एक लादी होती, आणि तिच्यापुढे चार बोटं. दाराला दीड लागते.

"अगं उघड ना!"

वाटीत पाच घास राहिले होते. ध्वनीने मान मागे टाकून माझ्याकडे बघितलं आणि आ केला.