सनईची राखण

घोड्यांचंही कॉलेज असतं, हे आभाच्या पंचवटीतल्या घरात कुणाच्या पचनीच पडत नव्हतं. वडील वेणीमाधवशास्त्री घाटावर यात्रेकरूंच्या पूजा सांगणारे. मुलगी अश्वविज्ञान शिकणार म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे शेवटी खराराच करणार ना?" आभा म्हणाली, "हो. पण नीट शिकून करणार." झालं, विषय संपला. पोरगी पहिल्यापासूनच हट्टी.

तर ही आभा गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागांना लागून असलेल्या त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा जीव जडला होता सनईवर. सनई म्हणजे वरातीची घोडी. सारी हयात बँडच्या दणदणाटात आणि फटाक्यांच्या धुरात गेलेली. मालकाने ती विद्यार्थ्यांना हाताळणी शिकण्यासाठी कॉलेजला दिली होती. स्वभावाने गरीब, पण एक भलतंच दुखणं होतं. उभ्या उभ्या ती पुढच्या पायांवर धाडकन कोसळायची. लगाम धरून कुणी चालत असो, नाहीतर खूर साफ करत असो. पायांच्या सांध्यांवर खपल्या धरायच्या आणि भरायच्या आत पुन्हा फुटायच्या.

रक्त तपासलं, हृदय तपासलं, सगळं ठणठणीत. शिकवणाऱ्या इंदिरा मॅडम स्वतः घोड्यांच्या डॉक्टर. त्यांनी दुखणं बरोब्बर ओळखलं होतं: ही झोपत नाही. घोडा उभ्याने डुलक्या काढतो हे खरं, पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. आणि सनई काही केल्या आडवी होत नव्हती. तिच्या ठाणात मऊ भुसा अंथरून झाला. शेजारी दुसरी घोडी ठेवून पाहिली, तर हिने घाबरून लाथांनी फळ्या मोडल्या. जन्मभर एकटी राहिलेली, तिला सोबत कसली ठाऊक!

"उद्या कुणा पोराच्या अंगावर पडली तर त्याच्या आईबापांना मी काय तोंड दाखवू?" मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी मालकाचा टेम्पो येतोय. परत पाठवू." परत म्हणजे पुन्हा वराती. पाठीवर नवरदेव, भोवती नाचणारी माणसं, आणि त्यात ही कोसळली तर?

मग आभाने आपलं डोकं चालवलं. मॅडमना विचारून ती रोज दुपारी सनईच्या ठाणात जाऊन कोपऱ्यात बसू लागली. आपण निवांत बसलो की तीही निवांत होईल, असा साधासरळ विचार. पण पहाटेपासून तबेल्याची कामं उपसलेली, वर भुशाची ऊब. बसल्या बसल्या बाईसाहेबांचाच डोळा लागायचा! दचकून जाग यावी तर सनई आपली उभीच. आभाला स्वतःचाच संताप यायचा.

गुरुवारी तिच्या वर्गातल्या अल्तमशने कहर केला. देवळाली कॅम्पचा हा पोरगा म्हणजे वर्गातला वात्रट नंबर एक. त्याने तिचा झोपेतला फोटो काढून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मॅडम घोडे बेच के सो रही हैं.' हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. आभा त्याला चार शब्द सुनावायला निघाली होती. पण निघता निघता तिने तो फोटो पुन्हा पाहिला आणि जागच्या जागी थांबली.

फोटोत ती तोंड उघडं टाकून झोपली होती. आणि तिच्या पुढ्यात, तिला पाठीशी घालून, दार अडवून सनई उभी होती. मान ताठ, दोन्ही कान दाराकडे. हे उभं राहणं आभाने वर्गात व्हिडिओत पाहिलं होतं. कळपातले घोडे सगळे एकदम आडवे होत नाहीत, एक जण राखणीला उभा राहतो, तेव्हा बाकीचे झोपतात. मॅडमनी किती वेळा सांगितलं होतं.

"अगं बाई!" आभाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही बिचारी झोपेने पडायला आलेली, आणि रोज दुपारी माझी राखण करत होती! आणि मी खुशाल घोरत होते. तिला रडूच कोसळलं.

शुक्रवारी दुपारी ती ठाणात गेली, पण बसली नाही. फोटोत सनईने केलं होतं, तस्संच आभाने केलं. सनईकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं आणि उभी राहिली. मागे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग भुसा खसखसला. एक लांब उसासा, आणि धप्प! आभाने हळूच मान वळवली. सनई आडवी झाली होती. एवढं मोठं जनावर, पाय पसरून, मान भुशावर टाकून झोपलं होतं. पापण्या थरथरत होत्या, खूर हलत होते. स्वप्नात धावत होती ती! तिकडे देवळालीला लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला, लांबून धडाम् धडाम् ऐकू आलं. सनईचा फक्त एक कान हलला. आभाला वाटलं, आपण देवळात उभे आहोत.

फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. पाठोपाठ इंदिरा मॅडम तरातरा आल्या. "आभा, घोडीला बाहेर..." आभाने ओठांवर बोट ठेवलं. मॅडमनी आत डोकावून पाहिलं, आणि हातातला दोर हळूच खाली ठेवला. इतक्या घोड्या पाहिलेली ती बाई, पण डोळे भरून आले.

"टेम्पो परत पाठवते," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग आभाच्या जवळ येऊन म्हणाल्या, "तू बस आता. मी उभी राहते."

"नको मॅडम," आभा म्हणाली. "ती माझ्यासाठी इतके दिवस उभी होती."