पक्क्यांची भाषा

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बस स्टँडमागं निजामुद्दीन पेटीवाल्यांचं दुकान आहे. लग्नाच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, कूलरचे डबे, जे जे पत्र्याचं होऊ शकतं ते सगळं तिथं ठोकून मिळतं. त्यांचा मुलगा जुनैद पत्रा ठोकता ठोकता नाटकं लिहितो, आणि तीही साधीसुधी नाहीत, थेट विज्ञानाची. गावातले लोक त्याची टिंगल करतात आणि नाटक लागलं की पहिल्या रांगेत येऊन बसतात.

यंदा वाशीमच्या एकांकिका स्पर्धेसाठी त्यानं अख्खी एक जमातच तयार केली होती. पुढच्या कुठल्याशा शतकात मोठा संहार होतो. वाचलेल्यांना लोखंडाचे हात, पाय, डोळे बसवून उभं केलं जातं. पुढं त्यांच्या लेकरांनाही तसंच जोडून घ्यायची रीत पडते आणि अर्ध्या देहाची, अर्ध्या यंत्राची एक नवीनच जात तयार होते. धडधाकट लोक त्यांना नदीपलीकडं हाकलून देतात. मग एक दिवस त्या जमातीची पुढारीण, तारा, आपल्या लोकांसाठी पूल मागायला येते.

जमात आली म्हणजे तिची भाषा आली. जुनैदनं शब्दांचा एक तक्ता पुठ्ठ्यावर लिहून दुकानामागच्या गोदामात टांगला होता. जमातीचं नाव अर्धयंत्री. हात म्हणजे यंत्रहस्त, पाय म्हणजे यंत्रपाद, डोळा म्हणजे धातुनेत्र. आणि धडधाकट माणूस तो पूर्णमानव. या शब्दांवर स्वारी इतकी खूश होती की गिऱ्हाइकाला पेटीचा भाव सांगतानाही मध्येच एखादा ऐकवायची. गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं.

या नाटकात रेणू राठोडला तारा करायची होती. तिला दुसरं काही नको होतं.

रेणू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. शेलूबाजारजवळच्या तांड्यावरून रोज जीपनं मालेगावला यायची. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. लहान असताना आईबापासोबत ऊसतोडीला गेली होती, तिथं ट्रॉली उलटली. पुढं एका शिबिरात तिला पाय मिळाला, वाढत्या वयासोबत तो बदलत गेला. खाली रबरी पाऊल, मध्ये नळी, वर पट्टे. सलवारीत झाकला की कुणाला कळायचं नाही. नाटकातल्या पोरांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आपल्याकडं ही एक भारी सभ्यता आहे: माणसासमोर त्याच्या दुखण्याचं नाव काढायचं नाही, आणि त्याची पाठ वळली की दुसरं काही बोलायचं नाही.

जुनैदनं ताराचं काम रूपालीला दिलं. रेणूला पडद्यामागं उभं राहून विसरलेले संवाद सुचवायचं काम दिलं.

"काहून?" रेणूनं सगळ्यांसमोर विचारलं. "वाचनात माहाच आवाज सगळ्यात चांगला, असं तुमीच म्हनलं नं, जुनैदभाई?"

"आवाज चांगलाच हाय. पन रेणू, लोक काय म्हनतील? पोरीच्या लाचारीचा तमाशा केला म्हनतील मले."

जुनैद वाईट माणूस नाही. चांगुलपणानंच बोलला होता, आणि तेच रेणूला जास्त लागलं. अंगावर ओरडणाऱ्याशी भांडता येतं. कीव करणाऱ्याशी कसं भांडायचं, हे कुणी शिकवत नाही.

ती खुर्चीवर बसली आणि डाव्या पायाची सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली. पोरांसाठी चंदेरी कागद कापत बसलेला तौकीर भिंतीकडं पाहू लागला.

"हे काय हाय?" रेणूनं विचारलं.

"ते... तुझं..." जुनैद चाचरला. "कृत्रिम अवयव."

"माही आई याले 'ते' म्हनते. डॉक्टर वेगळं म्हनते. तुमच्या पुठ्ठ्यावर यंत्रपाद लिहेल हाय. मी सकाळी उठल्यावर काय म्हनतो माहीत हाय? पाय कुठी ठेवला म्या, असं म्हनतो. बस. ज्या जमातीत सगळ्याइलेच असा पाय हाय, त्या लोकाइले यंत्रपाद म्हनाची गरज काय? ते पायच म्हनतीन. अलग नाव लागन ते तुमच्या पायाले."

रेणूनं पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं.

"अन् अर्धयंत्री! तुमी आमाले बंजारा म्हना, लमाण म्हना, आमी आपसात सोताले गोर म्हनतो. बाकीचे सारे कोर. सरपंच असो नाई त कलेक्टर असो, कोर. कोनती जमात सोताले अर्धी म्हनून घेते, सांगा बरं?"

"म्हंजे मी बी कोर?" तौकीरनं विचारलं.

"तू त पयला."

सगळे हसले, जुनैद सोडून. रात्री जागून केलेले शब्द होते त्याचे. "मंग काय म्हनतीन ते सोताले?" त्यानं जरा घुश्शातच विचारलं.

"पक्के," रेणू म्हणाली. "भट्टीतून निंगालेली वीट पक्की. जे निंगाले नाई ते कच्चे. तुमचा तो पाय कच्चा पाय."

"पक्के म्हंजे काय डांबरी रस्ते हायत का?" जुनैद पुटपुटला. पण पुटपुटताना त्याची नजर पुठ्ठ्यावर होती, आणि लिहिणारा माणूस चांगल्या शब्दावर फार वेळ रुसू शकत नाही. शेवटी त्यानं खिशातून मार्कर काढला. "शब्द बदलतो. काम बी देतो. रूपालीची ना नसन त. पन तुह्या आईले विचारून ये. उद्या तिनं माह्या दुकानात येऊन बोंबलाले नको."

रूपाली म्हणाली, "घे माय, मले त ते संवाद पाठच होऊन नाई राह्यले." एवढ्यावर ती बाब मिटली.

रेणूच्या आईची, गोमतीबाईची, बाब एवढ्यावर मिटणारी नव्हती. ट्रॉली उलटल्यापासून तिनं ऊसतोडीला जाणं सोडलं होतं. नवरा, बाबूसिंग, हंगामाला एकटाच जायचा आणि ती तांड्यावर बसून आरशाकवड्यांचं भरतकाम करून विकायची. दिवसभर कापडावर लखलखते आरसे टाचणारी ही बाई लेकीचे घागरे मात्र चार बोटं लांब शिवायची, पाऊलही दिसू नये म्हणून. मायलेकी घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. ते बोलणं इथं आपल्या वऱ्हाडीतच सांगतो, आईला म्हणायची 'याडी' तेवढी तशीच ठेवतो.

"लोकाइपुढं ते उघडं टाकशीन?" गोमतीबाईनं सुई थांबवून विचारलं.

"हो, याडी."

"हासतीन लोक."

"हासू दे. झाकून ठेवलं तवा बी हासतच होते नं?"

"मी ते झाकाले इतके वर्स जीव आटवला, अन् तू वाशीमात नेऊन दाखवशीन? नाई जायचं."

"मी जाईन," रेणू म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. आवाज चढला असता तर आईला समजूत घालता आली असती.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात गेली आणि जुनैदला खरं तेच सांगितलं. "याडी नाई म्हनली. मी करतोच."

आई हो म्हणाली असं खोटं सांगितलं असतं तरी कोण तपासायला जाणार होतं? पोरगी खोटं बोलली नाही, हेच जुनैदला पटलं. तालीम सुरू झाली. नवे शब्द पोरांच्या तोंडी असे बसले की तौकीर घरी जेवतानाही बहिणीला "ए कच्चे" म्हणून मार खाऊन आला.

एकच भांडण उरलं होतं, चालीचं. जुनैदनं पोरांना यंत्राची चाल शिकवली होती. गुडघा ताठ, मान ताठ, पाऊल दाणकन. रेणू आपली चालायची तशीच चालली.

"अवो, मशीनसारखं चाल."

"हा पाय नीट चालावा म्हनून कितीक वर्स पडली, उठली मी, जुनैदभाई. आता कुठी जमून राह्यलं. ते मोडाले लावता का?"

जुनैदनं हात जोडले. तारा तिच्या चालीनं चालली.

स्पर्धेच्या दिवशी वाशीमच्या सभागृहामागं सगळे कपडे चढवत होते. रेणूनं गुडघ्यापर्यंतचा झगा घातला होता आणि खालचा पाय उघडा होता, नळीसकट. मनातून ती घाबरली होती, ते खोटं कशाला सांगा. तेवढ्यात दारात गोमतीबाई उभी. डोक्यावर ओढणी, काखेत पिशवी.

"बाजाराले आली होती," ती म्हणाली. तांड्यापासून वाशीम सोडून सगळे बाजार जवळ पडतात, पण तिला तसं कुणी म्हणालं नाही. तिनं पिशवीतून एक रुंद पट्टा काढला. लाल, निळ्या धाग्यांत दाट आरसे, कडेला कवड्या. "बांधायचं त हे बांध. उघडंबोडकं दिसून राह्यलं ते."

एवढं बोलून ती मागच्या रांगेत जाऊन बसली. रेणूनं पट्टा नळीवर गुंडाळला, गाठ मारली. गाठ घट्ट बसली.

पडदा वर गेला. चंदेरी पोरं दाणदाण पावलं टाकत आली आणि लोक हसले. मग तारा आली. तिच्या पायावरचे आरसे दिव्यात चमकले आणि हसू जरा ओसरलं. कच्च्यांचा वकील झालेल्या तौकीरनं विचारलं, "या यंत्रपादानं तू आमच्या पुलावर चालणार?"

"पाय म्हण," तारा म्हणाली.

"यंत्र—"

"पाय म्हण. मग पुलाचं बोलू."

तौकीरला पुढचा संवाद आठवेना, आणि सुचवायला पडद्यामागं कुणी नव्हतं, कारण सुचवणारी समोर उभी होती. शेवटी तो बिचारा आपल्याच बुद्धीनं हळूच म्हणाला, "पाय." टाळ्या तिथं पडल्या.

बक्षीस मात्र मिळालं नाही. निकालानंतर बाहेरगावाहून आलेले परीक्षक प्रत्येक नाटकावर बोलले. भले गृहस्थ होते, गळ्यात शाल होती.

"मालेगावच्या मुलांची कल्पना उत्तम," ते म्हणाले. "इतर कलाकारांची यांत्रिक चाल फार छान. तारा झालेल्या मुलीचा तो कृत्रिम पाय कुणी बनवला? अप्रतिम! पण बाळ, एक सांगू? चाल जमली नाही. असा पाय असलेली बाई इतकी साधी चालेल का? थोडा अभ्यास कमी पडला."

मंचावर पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. जुनैदचा चेहरा पडला. रेणू काहीतरी बोलायला पुढं झाली. सगळी भाषा तयार करून बसलेली पोरगी, आणि नेमकी त्या वेळी तिला बोलता येईना.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. गोमतीबाई उभी राहिली होती. इतक्या माणसांत ती जन्मात कधी बोलली नव्हती, आणि बोलली ती तांड्यावर हाक मारावी तशी मोठ्यानं.

"सायेब, कोनी बनवेल नाई तो. पाय हाय तो. माह्या पोरीचा पाय हाय. रोज चालते तशीच चालली."