चष्मेवाटपाचा फोटो

"इंटरनेटवर एकदा टाकलेली गोष्ट कायमची राहते," असं म्हणून व्याख्याते पाण्याचा घोट घ्यायला थांबले, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "मग टाकली कशाला?"

सभागृहातल्या साऱ्या माना वळल्या. मागे गणवेशातली एक बस कंडक्टर उभी होती, खांद्याला तिकिटांची बॅग लटकलेली. दोन फेऱ्यांमधली सुट्टी तिने या पालकसभेत घातली होती. विषयही मोठा झोकदार होता: ‘विद्यार्थ्यांची ऑनलाइन प्रतिमा आणि जबाबदार डिजिटल नागरिकत्व’.

"मी टाकली?" व्याख्याते गडबडले.

"तुम्ही नाही, शाळेनं. माझ्या भाचीचा फोटो. नववीत आहे ती."

मुख्याध्यापक लगबगीने पुढे आले. "बाई, प्रश्न शेवटी घेणार आहोत."

"शेवटपर्यंत माझी गाडी सुटेल. आत्ताच घ्या."

बहीण गेल्यापासून भाची या मावशीकडेच वाढत होती. मागे शाळेत डोळे तपासले, तेव्हा ज्यांना नंबर निघेल त्यांना चष्मा शाळेतच मिळेल असं कळवण्यात आलं. मावशीला वाटलं, चला, दुकानाचा हेलपाटा वाचला. मग शाळेच्या पेजवर फोटो झळकला. भाची मान खाली घालून दोन्ही हातांनी चष्म्याची डबी घेते आहे आणि देणगीदार काही ती डबी सोडत नाहीत, कारण त्यांचं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे. खाली मुलीचं नाव, वर्ग आणि ‘गरजू विद्यार्थिनीला चष्म्याची भेट’. गरजू! दिवसभर बसच्या दांड्याला लटकून घसा फोडणारी मावशी जिवंत असताना पोरगी गरजू! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तरी तेवढं तिने गिळलंही असतं. पण वर्गातल्या मुलांनी त्या फोटोतून भाचीला कापून काढलं आणि तिचं स्टिकर केलं. ग्रुपवर कुणी गृहपाठ मागितला की स्टिकर, कुणी उद्यासाठी पट्टी मागितली की स्टिकर. मान खाली, हात पुढे आणि वर लिहिलेलं, ‘फुकट द्या ना!’ तेव्हापासून चष्मा दप्तराच्या तळाशी गेला. फळ्यावरचं दिसत नाही, घरी येते ती डोकं धरून, गणितातले आकडे भलतेच उतरवते आणि विचारलं की म्हणते, "दिसतं गं मला." फोटो पेजवरून काढा म्हणून मावशी शाळेच्या ऑफिसात खेटे घालून आली. दर वेळी बाकावर ताटकळत ठेवायचं आणि मग सांगायचं, बघू.

"अहो बाई, त्यात वाईट काय आहे?" मुख्याध्यापकांनी आवाजात साखर पेरली. "किती लोकांनी कौतुक केलंय त्या फोटोचं!"

"कौतुक देणाऱ्याचं झालं. घेणारीचं काय झालं, ते विचारलंत कधी?"

"देणगीदारांनाही वाटतं ना, जरा चार लोकांत दिसावं..."

"मग त्यांचा एकट्याचा लावा. चांगला मोठा, डबी हातात धरून."

कुणीतरी फिसकन हसलं. मावशीला हसू आलं नाही. तिने व्यासपीठामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पहिल्या बक्षिसाचं पोस्टर होतं: ‘कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय टाकू नका.’

"हे पोस्टर ज्या मुलानं काढलंय ना, ते स्टिकरही त्यानंच केलंय. भाचीनं सांगितलं मला. पण त्या पोराला मी कुठल्या तोंडानं बोलू? विचारल्याशिवाय टाकायचं, हे तुम्हीच त्याला करून दाखवलंत!"

दोघातिघा पालकांनी व्हिडिओ काढायला फोन वर धरले.

"उद्या ऑफिसात या. बघू आपण."

"आता बघायचं नाही. काढायचं. माझ्या गाडीत भांडण झालं, तर ते मिटेपर्यंत मी घंटी देत नाही. गाडी जागची हलत नाही. तुमची सभाही हलणार नाही." आणि ती खुर्च्यांमधून पुढे येऊन व्याख्यात्यांच्या समोर उभी राहिली.

मुख्याध्यापकांनी कारकुनाला खूण केली. पेज तोच सांभाळायचा. त्याने खिशातून फोन काढला, अंगठ्याने काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं आणि म्हणाला, "गेला."

इतकं सोपं होतं! एवढ्यासाठी तिला बाकावर बसवत होते! आधी आला नव्हता इतका राग मावशीला आत्ता आला. आभार मानण्याचा प्रश्नच नव्हता.

"आणि ते स्टिकर?" तिने व्याख्यात्यांना विचारलं.

माणूस प्रामाणिक निघाला. "ते आता कुणाच्या हातात राहिलं नाही, ताई."

"आहे की. सगळ्यांच्या हातात आहे," मावशी म्हणाली आणि गाडी गाठायला निघाली.

दुपारच्या फेरीत तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. एक प्रवासी फोनवर सभेतला व्हिडिओ बघून हसत होता. "तुम्हीच ना या? काय झापलंय हो शाळेला! थांबा, तुम्हाला पाठवतो."

आता पोरीला मावशीचंही स्टिकर बघावं लागणार. आणि मावशीला तरी कुणी विचारलं होतं?

शाळेच्या थांब्यावर गाडी थांबली. गाडीवर दिव्यांच्या पाटीत नंबर झळकतो, त्यामुळे हल्ली कुठलाच कंडक्टर ओरडत नाही. मावशी या थांब्यावर ओरडते. घसा ताणून नंबर सांगत राहते, गर्दीतून भाची आवाजाच्या रोखाने येईपर्यंत. आजही ती आली आणि मावशीच्या शेजारच्या सीटवर बसली.

"पाहिलंस?"

"हं. मधल्या सुट्टीत सगळे तेच बघत होते."

"चिडलीस माझ्यावर?"

भाचीने दप्तराच्या तळाशी हात घातला, डबी काढली आणि चष्मा डोळ्यांना लावला. "दाखव ना मला. त्यांच्या फोनवर नीट दिसलं नाही. सरांचं तोंड कसं झालं होतं ते बघायचंय."

मावशीने फोन दिला. भाचीने पुन्हा पुन्हा पाहिलं. "केवढ्यानं ओरडतेस गं," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मावशीने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या वर्गातली मुलं धक्काबुक्की करत गाडीत चढली. भाचीचा हात चष्म्याकडे गेला.

"पुढे सरका! दार अडवू नका!" मावशी गरजेपेक्षा जास्तच जोरात ओरडली.

पुढचा मुलगा फोन उंचावून म्हणाला, "काकू, फेमस झालात! एक फोटो काढू?" पोस्टरवाला तोच असावा. त्याला बघून भाचीने तोंड फिरवलं होतं.

मावशीने त्याचं तिकीट फाडलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "विचारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "नाही."

मुलाने फोन खाली घेतला. मावशीने वळून पाहिलं. भाचीने चष्मा काढला होता. डबी मांडीवर उघडीच होती. चष्मा मुठीत घट्ट धरून ती खिडकीबाहेर बघत होती. मावशीने दोनदा घंटी दिली आणि गाडी हलली.